रेवडीचे तोंड

रेवडीला ट्रकमध्ये चढवायला सव्वा तास लागला आणि त्यात माझा एक सदरा फाटला. चाळीसगावहून संत्री भरायला नागपूरला रिकामा निघालेला ट्रक मी ठरवला होता. तळाला कडबा अंथरला, वर गोणपाट टाकले, मातीच्या उंच बांधाला ट्रकची मागची बाजू टेकवली. आणि पांढऱ्या अंगावर तांबूस तीळ असलेली ती घोडी बांधावर चारही पाय रोवून उभी राहिली. त्या तिळांमुळेच तिचे नाव रेवडी पडले होते. वय तीन वर्षे, हट्ट तीस वर्षांचा.

ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, लगाम लावून ओढा ना."

"लगाम लावता आला असता तर तुझ्या ट्रकमध्ये कशाला चढवली असती?" मी ओरडलो.

तेच तर दुखणे होते. मी सायकलला दोन कॅन अडकवून दूध घालण्यापासून सुरुवात केली. आज डोंगरपायथ्याला माझे स्वतःचे कुरण आहे आणि त्यात सत्तरेक गुरे आहेत. पण गुरे एकदा डोंगर चढली की खाली आणताना चार गड्यांचा जीव जातो. घोड्यावरचा एक माणूस हे काम आरामात करील, असे माझ्या मनाने घेतले. म्हणून तापीकाठच्या बाजारात सुपडूकडून ही घोडी घेतली. सुपडू जनावरांचा व्यापारी, माझा वीस वर्षांचा दोस्त. "मऊ तोंडाची आहे, कोणीही लगाम घालावा," असे तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता. घरी आणल्यावर पंधरा दिवसांत घोडी लगाम दिसला की मान आभाळात न्यायला लागली. महिन्याने तर दोन पायांवर उभी राहू लागली.

मी सुपडूला भर बाजारात गाठले. तो म्हणाला, "माझ्याकडे घेत होती भो, शपथ."

"तुझ्याकडे तर बैलसुद्धा दूध देतो!" मी म्हणालो.

लोक हसले. सुपडू उठून गेला आणि त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. मीही गप्प बसणारा नव्हे. जिथे चार व्यापारी भेटतील तिथे मी सांगत सुटलो की सुपडू खराब तोंडाची जनावरे दोस्तांच्या गळ्यात बांधतो. पुढच्या हंगामात त्याच्या दावणीपुढची गर्दी ओसरली, हे मी स्वतः पाहिले. तेव्हा मला बरेच वाटले, खोटे कशाला सांगू?

आमच्याकडे वरातीत नाचणारी घोडी तयार करणारे पुष्कळ आहेत, पण गुरांमागे काम करणारी घोडी तयार करणारा कोणी नाही. या ड्रायव्हरनेच पारशिवनीकडच्या लहानूजींचे नाव सांगितले. पूर्वी ते एका मालगुजाराकडे (तिकडचा जुना जमीनदार) घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते. मालगुजारी गेली, पागा मोडली, पण हा माणूस घोडी घडवत राहिला. जंगलकडेच्या गावांतून गुरे राखणारे आणि नागपुरातले टांगेवाले त्यांच्याकडे जनावरे नेतात, असे तो म्हणाला. रेवडी शिकली तर माझे कुरण चालेल. नाही शिकली तर तिला विकून पुन्हा चार गड्यांमागे ओरडत फिरायचे. मी बिछाना बांधला.

मलकापूर, अकोला, मूर्तिजापूर. रस्ता सरळ आणि माती काळी. जिनिंगबाहेर उभ्या कापसाच्या गाड्यांतून पुंजके उडत होते आणि झाडांच्या काटेरी फांद्यांना अडकत होते. बडनेऱ्याच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. मी बशीत चहा ओततो न ओततो तोच हॉटेलवाला बोंबलला. रेवडीने ट्रकमधून मान लांबवून त्याच्या छपराचे गवत ओढायला सुरुवात केली होती, आणि चांगले घमेलेभर छप्पर तिच्या पोटात गेले होते. त्याने भरपाई मागितली. मी म्हणालो, छप्पर जुने होते, नाहीतर घोडीने तोंड लावले नसते, कडक गवत तिला आवडत नाही. अर्धा तास हुज्जत घालून आम्ही दोघेही दमलो. शेवटी त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत आणि मी छपराचे दिले नाहीत.

नागपूर पहिल्यांदा पाहिले ते सकाळच्या उन्हात. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना मोठी झाडे, आणि सिग्नलला मोटारींच्या बरोबरीने उभे टांगे. एका टांग्याच्या घोड्याने आमच्या ट्रककडे बघून खिंकाळी फोडली. रेवडीने अशी काही साद दिली की ट्रॅफिकचा पोलीससुद्धा वळला. महाराष्ट्र होऊन पंधरा वर्षे होत आली तरी इथली म्हातारी माणसे अजून 'सी.पी.मध्ये' (जुन्या मध्य प्रांतात) असेच बोलतात, आणि मराठीत हिंदी इतकी सहज मिसळतात की कोणते वाक्य कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नाही.

कामठी मागे पडली, कन्हानचा पूल गेला. पारशिवनी ओलांडून तूर आणि कापसाच्या शेतांतून कच्च्या रस्त्याने आम्ही लहानूजींच्या गावी पोचलो. साठी उलटलेला, काटकुळा, पाठीचा कणा बंदुकीसारखा ताठ असलेला माणूस अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजा हार. लहानूजी उठले. घोडी उतरवली तेव्हा त्यांनी आधी तिचे चारही खूर पाहिले. मग तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. दोन मिनिटांनी रेवडीने आपणहून त्यांच्या खांद्याला नाक लावले.

मला राहवले नाही. "दात नाही पाहिले?"

"दात बाजारात पायतेत जी. मले कोनती इकाची हाये?"

"किती दिवस लागतील?"

"चाळीस."

"दहा," मी म्हणालो.

लहानूजी हसले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी माझ्या हातावर टाकला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून ठरवतात. मालगुजारासाठी खरेदी करताना तेही हे शिकले होते. पण दिवसांचा सौदा कापडाखाली मी आयुष्यात पहिल्यांदाच केला. बोटे दाबत, सोडत, पुन्हा दाबत शेवटी आम्ही एकवीसवर आलो. चाळिसाचे एकवीस केले म्हणून मी मनात खूश झालो.

"दिवस तुमच्या मनासारके झाले," लहानूजी म्हणाले. "आता घोडी माह्या मनासारकी होऊ द्या."

मी तिथेच मुक्काम ठोकला. एकवीस दिवसांपैकी एकही वाया जाऊ नये यावर लक्ष ठेवायला नको? तर पहिले चार दिवस लहानूजींनी काहीही केले नाही! गावाबाहेर आखर आहे (गावची सगळी गुरे सकाळी जमतात ती मोकळी जागा). तिथल्या मोहाच्या झाडाखाली रेवडीला म्होरकी (तोंडात कडी नसलेली, नाकावरून जाणारी दोरी) घालून, लांब दोर सोडून उभी करायचे आणि स्वतः शेजारी दोर वळत बसायचे. गुरे येत, तिला घासून जात. वासरे तिच्या पोटाखालून पळत. गायकी (गुराखी) काठ्या आपटत, ओरडत. पहिल्या दिवशी ती घामाघूम झाली. तिसऱ्या दिवशी उभ्या उभ्या एक पाय सैल सोडून डुलक्या घेऊ लागली.

"हे काय शिकवणे झाले?" मी भडकलो. "झोपायला तिला माझ्या घरीही येत होते!"

"शेठ, तुमच्या कुरनात गाय अंगावर आली त घोडी काय करीन?"

"पळेल."

"मंग? पहिले उभं राहनं. ज्याले उभं राहता येते त्यालेच चालता येते."

पाचव्या दिवसापासून काम दिसू लागले. पाठीवर आधी रिकामे पोते, मग वाळूचे, मग दोन. म्होरकीला दोन लांब दोर बांधून लहानूजी तिच्या मागून चालत आणि नुसत्या आवाजावर तिला डावी-उजवी वळवत. सहाव्या दिवशी ते म्होरकीवरच तिच्या पाठीवर बसले आणि एका खोडकर कालवडीमागे तिला सोडले. कालवड वळली की घोडी वळली पाहिजे, तीही दोर ओढायच्या आत. दुसऱ्याच फेरीत रेवडीला त्यात गंमत वाटू लागली. कान पुढे, मान खाली, नजर कालवडीच्या खांद्यावर. माझ्या अंगावर काटा आला.

दिवस छान चालले होते. उजाडताच मी रेवडीला गुळाचा खडा देई, तिचे दात बघे, पाठ थोपटी आणि चहाला येई. लहानूजींच्या पत्नी सयाबाई जेवायला गोळाभात करीत. डाळीचे गोळे घातलेला भात, वर लसणाचे कडकडीत तेल. 'सांबार' म्हणजे इकडे कोथिंबीर, हे मला पहिल्याच दिवशी कळले, कारण मी वाटी पुढे करून सांबार मागितले आणि बाईंनी वाटीत कोथिंबिरीची जुडी ठेवली.

आठव्या दिवशी लगाम आणला. जुना, गुळगुळीत झालेला, तोंडात जाणाऱ्या कडीला गूळ चोळलेला. तोपर्यंत कोकरासारखी वागणारी रेवडी तो लहानूजींच्या हातात बघताच मागे सरली आणि सरळ दोन पायांवर उभी राहिली. नवव्या दिवशी तेच. दहाव्या दिवशी कडीऐवजी त्यांनी नुसता दोर ओठाजवळ नेला, तरी तेच. अकराव्या दिवशी लहानूजी कपाळाला हात लावून बसले.

"म्होरकीवरच चालवली तर?" मी विचारले.

"इथं सपाटीवर चालीन. तुमच्या उतारावर गुरं उधळली त काय नाक ओढून थांबवान? दोघंई दरीत जासान." ते घोडीकडे बघत राहिले. "सारी घोडी सोन्यावानी हाये. तोंडालेच काय झालं, समजून नाही राहिलं."

"मी सांगतो काय झाले! त्या सुपडूने—" आणि मी सुरू झालो. छातीवरचा हात, खोटी शपथ, वीस वर्षांची दोस्ती, सगळे.

सयाबाई आतून म्हणाल्या, "भाऊ, त्या सुपडूले दिवसातून इतक्या बार आठवता, घरच्या बाईले आठवता का नाही?"

मी चिडून उठलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. पकडून नागपूर गाठले. मनाशी ठरवले होते की वरातीच्या बँडवाल्याला घोडी विकून मोकळे व्हायचे. वरातीतली घोडी हाताने धरून चालवतात, तिला लगामाची गरज नाही. सायकल-रिक्षावाल्याशी बसस्थानकापासून इतवारीपर्यंतच्या भाड्यावरून मी इतका भांडलो की शेवटी पायीच गेलो. अंतर माझ्या अंदाजापेक्षा बरेच निघाले. बँडवाल्याच्या दुकानात भिंतीवर पितळी वाजंत्री आणि जरीच्या झुली टांगलेल्या होत्या. घोडीचा रंग ऐकून तो खूश झाला. "नाचना सिखाना पडेगा, बस," तो म्हणाला. "ट्यूबलाइट, बेंजो, फटाके, सगळं सवयीचं होते." मी म्हणालो, दोन दिवसांत कळवतो.

त्या संध्याकाळी एका सावजी खानावळीत मटण खाल्ले. रस्सा काळाभोर, वर बोटभर तेल. दुसऱ्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. वाढप्या म्हणाला, "पहिल्यांदाच आले का जी? मंग पानी नका पिऊ, भात घ्या." मी पाणी प्यालो, आणि त्याचे ऐकायला हवे होते हे मला पुढचा तासभर कळत राहिले. दुसऱ्या सकाळी सीताबर्डीत तर्री-पोहे (पोह्यांवर चण्याचा तिखट रस्सा) खाल्ले. पण झुली घातलेली, फटाक्यांत नाचणारी रेवडी डोळ्यांपुढून जाईना. कालवडीमागे जाताना पुढे वळलेले तिचे कान आठवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावी परतलो तर आखरावर लहानूजी घोडीवर बसलेले. आणि रेवडीच्या तोंडात लगाम!

मी धावतच गेलो. "कसे काय जमवले?"

"म्या काही नाही केलं," ते खाली उतरत म्हणाले. त्यांचा चेहराही गोंधळलेला होता. "काल जराशी मान उचलली. आज सकाळी आपल्या मनानं तोंड उघडलं. तुमी गेले अन दोन दिवसांत—" ते थांबले. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी नेहमीप्रमाणे गूळ घेऊन रेवडीकडे गेलो. गूळ दिला, डाव्या हाताने नाक धरले, उजव्या अंगठ्याने ओठ वर केला.

"हे काय करता जी?"

लहानूजी कुडाआडून मला पाहत होते.

"दात पाहतो. नवे किती वर आले ते."

"रोज?"

"रोज. चांगली सवय आहे. पंचवीस वर्षे जनावरे घेतोय, विकतोय."

"अन अंगठ्यानं दाबूनई पायता?"

"मग? हिरडी दाबल्याशिवाय आतला दात कसा कळणार?"

लहानूजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि कुडावर आपटली. "अजी शेठ! तीन वर्साची घोडी. दुधाचे दात हलून राहिले, नवे वर येऊन राहिले. हिरडी फोडासारकी दुखते. अन तुमी रोज सकाळी तिथंच अंगठा खुपसता? म्या कडी आनतो, थे समजते तुमचाच अंगठा आला!"

मी खवळलो. जनावराबद्दल मला कोणी शिकवावे? मी म्हणालो, बाजारात प्रत्येक गिऱ्हाईक दात बघते, कुठले जनावर बिघडत नाही!

"बाजारात एक डाव पायतेत. तुमच्याकडं किती दिवस होती?"

मी मोजले. रेवडी माझ्याकडे वर्षभर होती. मी परगावी गेलो असा एखादा दिवस सोडला तर रोज पाहिले होते. दात पुरे झाले की जनावराची किंमत वाढते, म्हणून हात आपोआप तिथे जातो. विकायची नसली तरी जातो. दाराशी आलेल्या पाहुण्याच्या बैलाचेही मी दात बघितले आहेत.

"हात दाखवा तिले," लहानूजी म्हणाले. मी हात पुढे केला. रेवडीने मान आभाळात नेली. मग त्यांनी आपला हात पुढे केला. तिने मान खाली घालून त्यांचा तळवा हुंगला.

सुपडूने खरे सांगितले होते. घोडी मऊ तोंडाचीच होती. त्या सकाळी मी चहा घेतला नाही.

आता प्रश्न वेगळा होता. लगाम ती लहानूजींकडून घेत होती, पण कुरणात तर लगाम मीच घालणार. सौद्याचे सात दिवस उरले होते आणि शिकायचे मला होते. लहानूजींनी काम दिले ते असे: सकाळ-संध्याकाळ तिच्या तोंडाजवळ उघडा हात न्यायचा आणि काहीही करायचे नाही.

"बस, एवढेच?"

"एवढंच करून दाखवा."

देवाशपथ सांगतो, आयुष्यात मी इतके अवघड काम केले नाही. अंगठा आपणहून वर उचलला जाई. लहानूजी मागून ओरडत, "अंगठा!" दोन दिवस घोडी माझ्यापासून हातभर लांब राहिली. तिसऱ्या दिवशी सयाबाईंनी माझा अंगठा फडक्याने तळव्याला बांधून टाकला. आखरावरच्या गायकींना चांगलाच तमाशा मिळाला. त्यांतला एक म्हणाला, "काहून गा, घोडीले म्होरकी अन शेठले पट्टी?" मी त्याला दोन शिव्या दिल्या, पण हात हलवला नाही. चौथ्या दिवशी रेवडीने तळवा हुंगला. पाचव्या दिवशी तिने हनुवटी माझ्या हातावर ठेवली, पूर्ण वजनानिशी, आणि डोळे मिटले. मी श्वास धरून उभा राहिलो. सहाव्या दिवशी मी लगाम तळव्यावर ठेवून पुढे केला. ती जरा थरथरली, थांबली, आणि मग कडी तिने स्वतः ओठांनी उचलून घेतली.

शेवटच्या दिवशी मी तिच्यावर बसलो. गुरे परतताना एक पांढरी गाय कळपातून फुटली आणि तुरीच्या शेताकडे निघाली. मी काही करायच्या आत रेवडी निघाली होती. गायीच्या खांद्याशी आली, वळली, थांबली, पुन्हा वळली. मी फक्त पडलो नाही, एवढेच माझे काम. गाय कळपात गेली. लहानूजी मोहाखाली दोर वळत बसले होते. त्यांनी वर पाहिले आणि पुन्हा दोराकडे पाहिले. त्यांच्याकडून मिळालेले हे सगळ्यात मोठे कौतुक. निघताना सयाबाईंनी उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पुरचुंडी दिली.

परतीच्या ट्रकमध्ये पुढे संत्री आणि मागे रेवडी होती. पुन्हा संत्री न्यायला आलेला तोच ड्रायव्हर सरळ चाळीसगावला निघाला होता. मी त्याला जळगावात तापीकाठच्या त्या बाजाराकडे वळायला सांगितले, तर तो जादा पैसे मागू लागला, आणि मी घासाघीस न करता हो म्हणालो. तो मला बरे नाही का, असे विचारू लागला.

बाजाराचा दिवस होता. सुपडू आपल्या दावणीशी एकटाच बसला होता. मला बघून त्याने तोंड फिरवले. मी रेवडीला खाली उतरवले आणि ओळीने बसलेल्या व्यापाऱ्यांपुढून चालवत आणले. तळव्यावर लगाम ठेवला. तिने तो घेतला.

"या माणसाने मला सांगितले होते तशीच ही घोडी आहे," मी मोठ्याने म्हणालो. "हिचे तोंड मी खराब केले. रोज अंगठा घालून. सुपडूने नव्हे."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

"वर्षभर माझं नाव घालवलं तू," सुपडू म्हणाला. "आता एका वाक्यात परत देतो का रे भो?"

"नाही. दर बाजाराला येऊन सांगेन."

"ये मग." तो उठला. घोडीभोवती फिरला, पाठीवरून हात फिरवला, खूर पाहिले. "चांगली केली कोणीतरी," असे पुटपुटला, आणि वीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात तिच्या ओठाकडे गेला.

मी त्याचे मनगट पकडले. जरा जोरातच. सुपडूने माझ्याकडे रागाने पाहिले, मग घोडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या लक्षात आले. मनगट सोडवून न घेता त्याने मूठ उघडली आणि हात तसाच पसरून धरला. रेवडीने मान पुढे केली.